आजारासकट

मित्र गेल्याचं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "म्हणजे त्यानं स्वतःच का?" त्याला स्किझोफ्रेनिया आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतल्या बहुतेकांनी हेच विचारलं. "नाही, हार्ट अटॅक आला," असं मी म्हटलं की चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. "चला, म्हणजे तसं काही नाही." मग "सुटला बिचारा", पाठोपाठ त्याच्या बहिणीबद्दल "ताईही सुटल्या", आणि दोन मिनिटांत विषय पावसावर नाहीतर उसाच्या दरावर.

मानसिक आजाराने माणूस मरतो तो एकाच प्रकारे, अशी आपली पक्की समजूत आहे. त्या प्रकारे गेला तर कुजबुज होते. नाही गेला तर आजार निर्दोष सुटतो. माझा मित्र वयाच्या ४९व्या वर्षी गेला. पंचवीसहून अधिक वर्षं स्किझोफ्रेनिया आणि शेवटची काही वर्षं त्याच्या जोडीला मधुमेह. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाचं नाव आहे आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तो कशाने गेला असं मला विचारलं तर मी स्किझोफ्रेनियाचंच नाव घेतो, आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात आणि त्यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो हे खरं आहे, तो कुणी हलक्यात घेऊ नये. पण त्या एका धोक्याकडे सगळ्यांचं लक्ष लागलेलं असताना हृदय, साखर, फुप्फुसं ही मागच्या दाराने आपलं काम करत असतात. त्याच्या बाबतीत हे कसं घडलं ते सविस्तर सांगायला हवं, कारण "आजाराने गेला" हे नुसतं म्हणायला सोपं आहे.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तो आजारी पडला. या आजाराचं हेच वय असतं, विशीच्या आगेमागे. सुरुवातीला हॅलोपेरिडॉल दिलं. कानातले आवाज उतरले, पण अंग ताठलं, हात थरथरायला लागले, चालताना हात हलेनासे झाले. त्या थरथरीसाठी आणखी एक गोळी. काही वर्षांनी ओलान्झापिन आलं आणि खरोखर फरक पडला. थरथर गेली, संशय कमी झाला, तो वर्तमानपत्र पुन्हा शेवटच्या पानापर्यंत वाचू लागला. त्या औषधाने मला मित्र परत दिला हे मी विसरणार नाही. पण त्या औषधाने भूक अशी वाढते की ती ज्याने पाहिलेली नाही त्याला सांगून पटत नाही. रात्री दोनला उठून तो सकाळच्या पोळ्यांचा डबा रिकामा करायचा. वजन वाढलं, मग साखर वाढली. त्यात बिडी. बिडीच्या धुराने यकृतातलं एक विकर चेकाळतं आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. म्हणजे ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरतं. गोळी तीच, पण पुरत नाही. ही गोष्ट त्याच्या घरात कुणाला कधी सांगितली गेली नव्हती. मनोविकाराचे डॉक्टर डोकं बघत होते, साखरेचे डॉक्टर साखर बघत होते, आणि दोघांच्या फायली वेगवेगळ्या पिशव्यांत होत्या.

जाण्याच्या काही आठवडे आधी तो ताईंना म्हणाला, "माझ्या छातीवर कुणीतरी बसलंय." ताई त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथेही त्याने तेच सांगितलं. तुम्ही-आम्ही हे वाक्य उच्चारलं असतं तर आपल्याला झोपवून छातीला तारा लावल्या असत्या. त्याच्या तोंडी ते वाक्य भ्रमाचं ठरलं. "कोण बसलंय? आवाज येतात का पुन्हा? गोळ्या वेळेवर घेतोस ना?" झोपेची गोळी वाढवून मिळाली. ईसीजी निघाला नाही. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर हा त्या एका ठिकाणचा दोष वाटेल, आणि हा दोष तेवढ्यापुरता नाही. अमेरिकेत २००० साली बेंजामिन ड्रस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या एक लाखाहून अधिक वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. मानसिक आजाराची नोंद असलेल्यांच्या वाट्याला अँजिओप्लास्टी किंवा बायपास येण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती. तिथे यंत्रं होती, पैसा होता, झटक्याचं निदानही झालेलं होतं, तरीही. मग तालुक्याच्या ठिकाणी, निदानाच्याही आधी, "छातीवर कुणीतरी बसलंय" म्हणणाऱ्या माणसाचं काय होणार?

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या २१व्या कलमात लिहिलं आहे की मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवलं पाहिजे. चांगलंच आहे. पण एकाच देहात दोन्ही आजार असले आणि दुसऱ्याचं बोलणं पहिल्याच्या नावावर जमा होऊ लागलं तर बरोबरी नेमकी कुणाची कुणाशी करायची?

असं सगळं असताना "तसं काही नाही" म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटतं, याचं कारण त्या दाखल्याच्या खूप आधीचं आहे. आमच्या गावाने त्याला पंचवीस वर्षांपूर्वीच भूतकाळात पाठवलं होतं. "काय हुशार होता!" हे वाक्य मी तो जिवंत असताना, कधीकधी तो चार हातांवर बसलेला असतानाही ऐकलं आहे. दहावीला गणितात १५०पैकी १४९. तो एक मार्क कुठे गेला यावर शाळेच्या मास्तरांनी नंतरच्या बॅचना व्याख्यानं दिली. त्या १४९ मार्कांचा एक मुलगा गावाच्या आठवणीत कायम सोळा वर्षांचा राहिला, आणि वाचनालयात रोज येणारा, पोट सुटलेला, बिडीचा वास येणारा माणूस म्हणजे त्या मुलाचं झालेलं काहीतरी, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

हे फक्त आमच्या गावाचं नाही. वशिष्ठ नारायण सिंह यांचं उदाहरण घ्या. बिहारमधल्या भोजपूर जिल्ह्यातल्या बसंतपूरचा मुलगा, १९६९ साली बर्कलीला जॉन केली यांच्या मार्गदर्शनाखाली गणितातली पीएच. डी., मग आयआयटी कानपूर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. नंतर स्किझोफ्रेनिया. मध्यंतरी ते काही वर्षं बेपत्ता होते, १९९३ साली सारण जिल्ह्यात सापडले. पुढची पंचवीसेक वर्षं भावाच्या कुटुंबाने त्यांना सांभाळलं. १४ नोव्हेंबर २०१९ला ते गेले. त्याच्या दुसऱ्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री.

आता त्यांच्याविषयी व्हॉट्सॲपवर काय फिरतं ते पाहा. त्यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांताला आव्हान दिलं. चांद्रमोहिमेच्या वेळी नासाचे संगणक बंद पडले तेव्हा त्यांनी हाताने हिशेब केला आणि तो संगणकाशी तंतोतंत जुळला. या गोष्टींना आधार सापडत नाही. त्यांचा खरा प्रबंध फलनक विश्लेषणातल्या एका शाखेतला, जाणकारांनाच कळेल असा. तो कुणी फॉरवर्ड करत नाही. दंतकथा लागते, कारण दंतकथेतला माणूस जितका उंच तितकं नंतरचं कोसळणं बघायला थरारक. मला जास्त खटकतं ते असं की या सगळ्या गोष्टी आजारपणाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतात. त्यानंतरची चार दशकं म्हणजे "दुर्दैवाने त्यांचं मानसिक संतुलन बिघडलं" हे एक वाक्य. चार दशकं! त्या काळात ते सकाळी उठत होते, जेवत होते, कुणावर रागावत होते, कुणाच्या येण्याने खूश होत होते. त्यांच्या वहिनीला, पुतण्यांना जो माणूस माहीत होता तो हाच. पण स्मरणलेखात त्याला जागा नाही. त्या लेखांमध्ये ते १९७०च्या दशकातच वारलेले असतात.

एक आक्षेप इथे येतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. माणसाला त्याच्या उत्तम काळातल्या रूपात आठवावं, यात वाईट काय? कॅन्सरने गेलेल्या आईचा फोटो आपण केमोथेरपीतला लावत नाही, जुना लावतो. शिवाय आजकाल मानसोपचाराच्या क्षेत्रातली माणसंच सांगतात की रुग्ण म्हणजे त्याचा आजार नव्हे, माणूस वेगळा आणि आजार वेगळा. मग आजारपणाची वर्षं बाजूला ठेवून मूळ माणूस आठवला तर तो त्याचा मानच झाला.

आईच्या फोटोचं उत्तर सोपं आहे. केमोथेरपी काही महिने चालते, आणि त्या काळातही ती आपली आई असते, तिला "आई होती" असं कुणी म्हणत नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत आजारापूर्वीची वर्षं वीस आणि आजारातली त्याहून जास्त. त्यातून बालपण वजा केलं तर ज्याला जाणता माणूस म्हणावं त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आजारातच गेलं. ते काढून ठेवलं तर हातात एक हुशार विद्यार्थी उरतो. हुशार विद्यार्थी महाराष्ट्रात दरवर्षी दहावीच्या निकालानंतर पहिल्या पानावर फोटोनिशी छापून येतात. त्यांच्यासाठी कुणी इतकी वर्षं हळहळत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर अवघड आहे. माणूस वेगळा, आजार वेगळा हे म्हणणं दवाखान्यात फार उपयोगाचं असतं. ताईंच्या कपाळावर डाव्या बाजूला एक खूण आहे. त्याने भिरकावलेल्या ताटलीची. त्या खुणेसकट त्या पंचवीस वर्षं त्याला वाढत राहिल्या ते "हे तो करत नाहीये, आजार करतोय" या एका वाक्याच्या जोरावर. त्या वाक्याला मी हात लावणार नाही. मलाही ते लागलं आहे. मध्ये एक वर्षाहून जास्त काळ तो आमच्या घराची पायरी चढला नव्हता, कारण आमच्या फोनमधून त्याच्यावर पाळत ठेवली जाते आणि त्यात मी सामील आहे अशी त्याची खात्री होती. रस्त्यात दिसला तर तो पलीकडच्या बाजूला जायचा. पुढे औषध बदललं आणि एक दिवस संध्याकाळी येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला. "काय लेका," म्हणाला. पाळतीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

पण तेच वाक्य आठवणींना लावायला गेलं की घोळ होतो. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. भेटायला खूप माणसं आली. प्रत्येकाच्या काकांना, सासऱ्यांना तोच आजार झालेला होता आणि प्रत्येकाला एक रामबाण डॉक्टर माहीत होता. हा आला आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसला. काही विचारलं नाही. धीर दिला नाही. पूर्ण रात्र, आणि नंतरही रोज, तो तसाच बसून राहिला. मध्येच एकदा "चहा?" म्हणायचा आणि मी हो म्हणायच्या आत उठून जायचा. त्या दिवसांत मला पेलवेल अशी सोबत फक्त त्याची होती. आमच्या मैत्रीतलं मला सर्वात मोलाचं काय असं विचारलं तर मी ते बाकच सांगेन.

आता मनोविकारशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांचे ठळक दोन गट दिलेले असतात. भास, भ्रम, संशय हे एका गटात. दुसऱ्या गटात बोलणं कमी होणं, चेहऱ्यावरचे भाव ओसरणं, स्वतःहून काही करण्याची ओढ न राहणं. तासन्‌तास एका जागी न बोलता बसणं हे दुसऱ्या गटात सहज जातं. म्हणजे मी ज्याला सोबत म्हणतो ते लक्षण असू शकतं. मग ती रात्र कुणाच्या खात्यावर मांडायची? ताटली आजाराची आणि बाक त्याचं, असा हिशेब मला सोयीचा आहे. पण तो प्रामाणिक नाही. वाईट तेवढं आजाराचं आणि चांगलं तेवढं त्याचं असं म्हणत गेलो की शेवटी एक संत तयार होतो, ज्याला कधी रागच येत नव्हता. माझा मित्र चिडका होता. आजाराच्या आधीही होता. कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळायचा.

त्या बाकावर तो बसला याला आजार कारणीभूत असेलही. तो माझ्याच शेजारी बसला, रोज एसटीने दीड तास प्रवास करून येऊन बसला, आणि घशाखाली काही उतरत नव्हतं त्या वेळी चहा आणत राहिला, याला आजार कारणीभूत नव्हता. पण या दोन गोष्टी मला सुट्या करता येत नाहीत, आणि कुठलाही डॉक्टर करून देऊ शकेल असं वाटत नाही. आजाराने त्याला जे मौन दिलं त्याचं त्याने काहीतरी केलं. तेच माझ्या वाट्याला आलं. म्हणून मला तो आठवायचा आहे तो आजारासकट.

याचा कुणी असा अर्थ काढू नये की आजाराने तो अधिक खोल झाला, अधिक संवेदनशील झाला वगैरे. हा दुसरा खोटेपणा आहे आणि साहित्यात वावरणाऱ्या माणसांचा तो लाडका आहे. "संवेदनशील माणसंच वेडी होतात, आपण कोडगे म्हणून शाबूत राहतो," असं एका परिचित कवींनी मला त्याच्या दहाव्याच्या दिवशी ऐकवलं. ऐकायला भारदस्त वाटतं. जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. त्यांत कवी असतात तसे किराणा दुकानदार असतात, कोडगे असतात, कंजूष असतात. संवेदनशीलतेचं बक्षीस म्हणून हा आजार मिळत नाही. उलट, या कल्पनेने गोळीवरचा विश्वास जातो. गोळी घेतली तर प्रतिभा जाईल असं वाटून औषध सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. माझा मित्र आजाराने अधिक मोठा झाला नाही. फार खर्चिक, फार कंटाळवाणं असं काहीतरी तो रोज पार पाडत राहिला आणि त्यातून उरलेल्या शक्तीतून मित्र राहिला. ती शक्ती किती थोडी उरत असेल याचा अंदाज करायचा असेल तर ओलान्झापिन घेणाऱ्या माणसाला सकाळी नऊला उठवून पाहा.

गणितज्ञ जॉन नॅश यांची गोष्ट बहुतेकांना सिनेमातून माहीत असते, म्हणजे अर्धी. १९५९ मध्ये आजार, १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल. सिनेमात ही मधली वर्षं प्रेम आणि इच्छाशक्ती यांनी भरून काढली आहेत. शिवाय त्यातले नॅश नवी औषधं घेत असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात १९७० नंतर त्यांनी औषधं घेतली नव्हती. सिनेमा पाहून रुग्णांनी गोळ्या सोडू नयेत या काळजीपोटी ते वाक्य घातलं असं सांगितलं गेलं, आणि खोटं असलं तरी त्या खोट्याबद्दल मला तक्रार नाही, कारण नॅश यांच्यासारखं आपोआप ओसरणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मला मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. पत्नी अलिशिया यांनी १९६३ मध्ये त्यांच्याशी घटस्फोट घेतला होता. त्याच अलिशियांनी १९७० मध्ये त्यांना आपल्या घरात राहायला जागा दिली. आणि प्रिन्स्टन विद्यापीठात, पदावर नसलेला, फळ्यांवर कुणाला न कळणारे आकडे लिहून ठेवणारा हा माणूस गणिताच्या इमारतीत वर्षानुवर्षं फिरत राहिला. विद्यार्थी त्याला भूत म्हणायचे. पण ग्रंथालय त्याला उघडं होतं, संगणक वापरायला मिळत होता. कुणी दार लावलं नाही. नोबेलचं मला फारसं काही वाटत नाही. ते मिळालं नसतं तरी ते उघडं ग्रंथालय तेवढंच योग्य ठरलं असतं.

आमच्या गावच्या वाचनालयाने हेच केलं, प्रिन्स्टनचं नावही न ऐकता. 'ब' वर्गाचं, सरकारी अनुदानावर कसंबसं चालणारं वाचनालय. दुपारी चारला उघडलं की हा हजर. ग्रंथपालांनी त्याला वर्तमानपत्रांच्या फायली तारीखवार लावण्याचं काम दिलं. मानधन नव्हतं, चहा होता. पुढे दिवाळी अंकांची नोंदवही त्याच्याकडे आली. कुणी कुठला अंक नेला आणि मार्च उजाडला तरी परत केला नाही, हे त्याला तोंडपाठ असायचं आणि तो ते भर रस्त्यात ओरडून सांगायचा. गावातले दोन प्रतिष्ठित वकील त्याला टाळायचे, त्याला कारण आजार नव्हता. या नोंदवहीवाल्या माणसाविषयी त्याच्या दहाव्याला कुणी बोललं नाही. १४९ मार्कांविषयी तिघे बोलले.

अशा माणसाला सांभाळतं कोण असं विचारलं की "आपली कुटुंबव्यवस्था" असं म्हणायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यात आपल्याकडचं आग्रा होतं. पाठपुरावा केल्यावर विकसनशील देशांतले रुग्ण तुलनेने बरे राहतात असं दिसलं आणि तेव्हापासून हा निष्कर्ष आपण छातीवर मिरवतो. नंतर त्यावर बरेच प्रश्न उठले, ते सहसा मिरवत नाही. कुटुंब म्हणजे व्यवहारात कोण? बहुतेक घरांत एक बाई. आई असेपर्यंत आई, मग बहीण, नाहीतर बायको. आमच्याकडे ताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भावाच्या गोळ्या, शाळा आणि परत गोळ्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या 'देवराई' या चित्रपटात अतुल कुलकर्णींच्या शेषइतकीच सोनाली कुलकर्णींनी केलेली बहीण महत्त्वाची आहे, हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना लगेच कळतं. इतरांना शेष आठवतो. आणि जिथे अशी बाई नसते किंवा थकते, तिथे काय होऊ शकतं ते तामिळनाडूतल्या एरवाडीने ६ ऑगस्ट २००१ रोजी दाखवलं. साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले. साखळीला कायद्याने स्पष्ट बंदी यायला त्यानंतर सोळा वर्षं लागली.

आता सध्याच्या भांडणाकडे येतो. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मित्राच्या नावाने काहीतरी करायचं ठरलं, पैसे जमले, चांगले जमले. बहुमताचा प्रस्ताव असा की शाळेत दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी त्याच्या नावाचं पारितोषिक द्यावं. मी विरोध केला. असं पारितोषिक म्हणजे सोळा वर्षांच्या त्या मुलाचं आणखी एक स्मारक, आणि चव्वेचाळीस वर्षांचा जो माणूस नोंदवही सांभाळत होता त्याला पुन्हा दाराबाहेर ठेवणं. माझा प्रस्ताव दुसरा होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची बाह्यरुग्ण सेवा आमच्या तालुक्याला ठरलेल्या दिवशी येते. तिथे गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि ईसीजी या तपासण्या आपल्या पैशांतून व्हाव्यात. वजन दर खेपेला. कागद दोन्ही डॉक्टरांच्या फायलीत लागावा.

ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग एकाने लिहिलं की पारितोषिकाने मुलांना प्रेरणा मिळते, तपासण्या तर सरकारनेच करायला हव्यात. हे बरोबर आहे, सरकारनेच करायला हव्यात. दुसऱ्याने लिहिलं की असल्या उपक्रमाला त्याचं नाव दिलं तर तो वेडा होता हे गावभर होईल. गावाला हे पंचवीस वर्षं माहीत आहे, असं मी उत्तर दिलं. ते थोडं तिखट झालं असावं, कारण एक जण ग्रुप सोडून गेला. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की ताई म्हणतील ते.

ताईंकडे गेलो. दोन्ही प्रस्ताव सांगितले. त्यांनी पारितोषिकाबद्दल काही म्हटलं नाही, नावाबद्दलही नाही. म्हणाल्या, "साखर उपाशीपोटी तपासतात. रात्रीच्या गोळ्यांनी ही मुलं दहाशिवाय उठत नाहीत. उठली की आधी खायला मागतात. त्यांना उपाशी ठेवून एसटीने आणणार कोण? तू?"

एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिला उपाशी राहावं लागत नाही, असं मी सांगितलं. किंमत जास्त आहे. ताईंनी कागद घेतला आणि आमच्या रकमेत वर्षाला किती जणांच्या होतील याचा भागाकार करायला बसल्या.